उसनी घेतलेली गोष्ट

नववीतला एक मुलगा परवा मधल्या सुट्टीत माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याला आणि त्याच्या चार मित्रांना मोबाईलवर दहा मिनिटांचा चित्रपट करायचा होता. चित्रण कोण करणार ते ठरले होते, कामे कोण करणार तेही ठरले होते. सारे अडले होते ते गोष्टीपाशी. “सर, हे पटकथा लिहिणारे लोक गोष्टी आणतात तरी कुठून?” त्याने विचारले. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे अशा प्रश्नांची उत्तरे तयार असतात. “आजूबाजूला बघ,” मी म्हणालो, “गोष्टी आपल्या पायाशी पडलेल्या असतात.” घंटा झाली, मुलगा गेला आणि मी तो प्रसंग विसरूनही गेलो.

दोन दिवसांनी तो परत आला. त्याने खरोखरच आजूबाजूला पाहिले होते. शाळेच्या फाटकाशी जे पहारेकरी काका बसतात, त्यांच्याशी तो येता-जाता बोलत असे. त्या बोलण्यातून त्यांच्या घरची एक हकीकत त्याला कळली होती. ती त्याने मला सांगितली. मी ती इथे लिहीत नाही. का लिहीत नाही, हे लेख संपेपर्यंत वाचकांच्या लक्षात येईल. एवढेच सांगतो की, बारा वर्षे रोज सकाळी त्या माणसाचा नमस्कार घेणाऱ्या मला त्यातले काहीही ठाऊक नव्हते. “सर, जबरदस्त गोष्ट आहे ना? सगळे रडतील बघा!” मुलाचे डोळे चमकत होते. मी त्याला शाबासकी द्यायला हवी होती. पण मला माझीच तीस वर्षांपूर्वीची एक शाबासकी आठवली आणि मी म्हणालो, “थांब. उद्या बोलू.”

आपण म्हणतो, ‘मला गोष्ट सुचली.’ आमच्या भाषेच्या शिक्षकाने या वाक्याकडे थोडे निरखून पाहावे. सुचणे, स्फुरणे ही मोठी सोयीची क्रियापदे आहेत. त्यांत घेणारा आहे, गोष्टही आहे. देणाऱ्याला मात्र जागाच नाही. जणू काही ती आभाळातून पडली. वस्तुतः गोष्ट जवळजवळ नेहमीच कोणाकडून तरी आलेली असते आणि ज्याच्याकडून ती आली, त्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

आमचे बडोदे या बाबतीत मोठे बोलके गाव आहे. सतराव्या शतकात इथे प्रेमानंद नावाचा आख्यानकवी होऊन गेला. गुजराती वाचकांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. मराठी वाचकांसाठी सांगतो की, तो माणभट्ट होता. बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या घागरीवर, म्हणजे ‘माणी’वर, ताल धरायचा आणि चौकात जमलेल्या लोकांना कथा सांगायची, हा त्याचा व्यवसाय. आपल्याकडच्या कीर्तनकाराचा तो सख्खा भाऊच. नळदमयंती, सुदामा, ओखा हे सगळे त्याने पुराणांतून घेतले. पण सुदाम्याच्या घरची रिकामी भांडी, बायकोचे टोमणे, माहेरपणाला आसुसलेली सून आणि तिला घालूनपाडून बोलणारी सासरची माणसे हे सारे संस्कृत पोथीतून आलेले नाही. ते त्याने गुजरातेतल्या घराघरांत पाहिले, ऐकले आणि आख्यानात घातले. ज्या घरात पाहिले, त्या घरची सून समोरच्या गर्दीत बसून ऐकत असेलही.

दोनशे वर्षांनी त्याच बडोद्यात दुसरा एक कथेकरी शिकायला आला. धुंडिराज गोविंद फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. तिथे ते शिकले. त्याच सुमारास राजा रविवर्मा महाराजांच्या सांगण्यावरून पुराणातले प्रसंग रंगवीत होते. फाळक्यांनी पुढे गोध्र्याला छायाचित्रणाचा धंदा करून पाहिला, रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीही काम केले. १९१०-११च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुराणातल्या हरिश्चंद्राची गोष्ट घेताना त्याची संमती घेण्याचा प्रश्न नव्हता. पुराणकथा ही गावाच्या विहिरीसारखी असते. पोहरा कोणीही सोडावा.

पण चित्रपट देवादिकांवरून माणसांवर आला, आणि विहिरीचे पाणी संपून शेजाऱ्याच्या घरच्या माठाकडे लेखकाची नजर गेली, तेव्हापासून हा प्रश्न अवघड झाला. मराठी माणसाला या संदर्भात पहिले नाव आठवते ते विजय तेंडुलकरांचे. त्यांच्या कितीतरी कथावस्तू वर्तमानपत्राच्या बातमीतून आलेल्या आहेत. १९८१ मध्ये एका इंग्रजी दैनिकाच्या वार्ताहराने, बायकांची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी, स्वतःच एक बाई विकत घेतली आणि ती हकीकत छापली. देशभर खळबळ उडाली. तेंडुलकरांनी त्यावरून ‘कमला’ हे नाटक लिहिले. पुढे त्याचा हिंदी चित्रपट झाला. दुसऱ्या एखाद्या लेखकाने त्या बाईच्या दैन्याचे चित्र रंगवून टाळ्या घेतल्या असत्या. तेंडुलकरांनी बोट ठेवले ते तिला आणणाऱ्यावर. विकत आणलेली कमला पत्रकाराच्या बायकोला भाबडेपणाने विचारते की, तुला त्यांनी केवढ्याला घेतले? त्या एका प्रश्नाने सारे घर उघडे पडते. दुसऱ्याच्या दुःखाची बातमी करून मोठे होणाऱ्यांत आपणही बसतो की काय, ही शंका लेखकाच्या मनात आल्याशिवाय असे नाटक लिहून होत नाही.

‘आक्रोश’चेही तसेच. १९८०चा गोविंद निहलानींचा हा चित्रपट. त्याचीही मूळ प्रेरणा वृत्तपत्रात आलेली एक घटना. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू आपल्या वकिलाशीसुद्धा एक अक्षर बोलत नाही. पटकथाकाराच्या दृष्टीने ही केवढी पंचाईत! नायकाच्या तोंडी चार टाळीची वाक्ये घालण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण जो माणूस आपल्याशी बोललेला नाही, त्याच्या तोंडी आपली वाक्ये घालायची नाहीत, हे पथ्य तिथे पाळले गेले. शेवटी त्याच्या तोंडून निघतो तो नुसता आक्रोश.

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी वाडीत एका जुन्या वाड्यात दोन खोल्या घेऊन राहत होतो. खाली एक काकू एकट्या राहत. यजमान मागेच वारलेले, एकुलता एक मुलगा परदेशी. काकू लग्न होऊन साताऱ्याकडून इथे आलेल्या. भाजीवालीशी हुज्जत घालण्याइतकी गुजराती त्यांना उत्तम येई, पण गुजराती लिपी मात्र त्यांनी कधी शिकून घेतली नाही. “अक्षरांना डोकंच नाही, मास्तर, कुठून धरायचं त्यांना?” असे त्या म्हणत. शिरोरेषा नसल्याबद्दलची ही तक्रार. मुलाचे सारे शिक्षण मात्र गुजराती माध्यमात झालेले, त्यामुळे तो आईला पत्र लिही ते गुजरातीत. दीड-दोन महिन्यांनी एखादे निळसर पत्र येई. ते घेऊन काकू जिना चढून येत. “मास्तर, कागद आलाय.” मी वाचून मराठीत सांगायचे.

पत्रे अगदी कोरडी असत. तब्येत ठीक आहे. थंडी फार आहे. पैसे पाठवले आहेत, पोचल्याचे कळव. या वर्षी येणे जमणार नाही. काकूंचा चेहरा समोर असताना एवढेच वाचणे मला जड जाई. एकदा, न ठरवता, मी एक वाक्य पदरचे घातले: आई, तुझ्या हातच्या सांज्याच्या पोळीची फार आठवण येते. काकूंचा चेहरा उजळला. त्या संध्याकाळी दोन सांज्याच्या पोळ्या, वर तुपाची धार, माझ्या खोलीत आल्या. पुढच्या पत्रात मी आणखी एक वाक्य घातले. मग तो परिपाठच झाला. दोन वर्षे मी त्या मुलाच्या नावाने आठवणी लिहीत होतो आणि त्याच्या नावच्या पोळ्या खात होतो.

मग आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवासाठी एकांकिका हवी होती. मी एम.ए. मराठी, लिहिणार दुसरे कोण? मला गोष्ट ‘सुचली’. म्हातारी आई, परदेशी मुलगा आणि पत्रात पदरची वाक्ये घालून वाचणारा शेजारी. नावे बदलली, गाव बदलले, आईला कोकणातली केली. पण ते सांज्याच्या पोळीचे वाक्य मला इतके आवडले होते की, ते जसेच्या तसे ठेवले. प्रयोग रंगला. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मंडळाच्या अध्यक्षांनी पाठीवर थाप मारली. तीच ती शाबासकी. काकू दुसऱ्या रांगेत सतरंजीवर बसल्या होत्या. नाटक संपल्यावर त्या उठल्या, प्रसाद घेतला आणि घरी गेल्या.

पुढचे पत्र आले तेव्हा त्या माझ्या दारावरून पुढे गेल्या. शेजारच्या बिऱ्हाडातली सातवीतली मुलगी गुजराती शाळेत जात असे. तिला त्यांनी पत्र वाचायला सांगितले. मधल्या भिंतीतून मला सगळे ऐकू येत होते. मुलगी अडखळत वाचत होती. तब्येत. थंडी. पैसे. मग ती थांबली. आणि मग शब्द ऐकू आला, “एवढंच?” पुन्हा कधीही काकूंनी माझ्याकडे पत्र आणले नाही. मी पुढे जागा बदलली. काकू जाऊन आता वीस वर्षे होत आली.

हा प्रसंग मी आजवर मनात धरून होतो, तो असा: एका भोळ्या आईचा शेवटचा आधार मी नाटकाच्या हौसेपायी मोडला. त्या मुलाने परवा प्रश्न विचारल्यावर हा लेख लिहायला घेतला, तेव्हा वाटले की, निदान या वेळी तरी कोणाला तरी विचारावे. काकू नाहीत. पण ती सातवीतली मुलगी आज दुसऱ्या शहरात शिक्षिका आहे. तिला फोन केला आणि लिहिलेले वाचून दाखवले. ती ऐकत होती. मग म्हणाली, “सर, ‘एवढंच?’ असं आजी नाही म्हणाल्या. ते मी म्हणाले. पत्र उलटून पाहिलं, मागे कोरं होतं, म्हणून. आजी म्हणाल्या, त्याचं एवढंच असतं.”

मी म्हणालो, “म्हणजे त्यांना माहीत होतं?”

ती हसली. “सर, त्यांच्या मुलाला सांजा कधी आवडलाच नाही. आजीच सांगायच्या. म्हणायच्या, मास्तरला आवडतो वाटतं, म्हणून करत होते.”

फोनवर मला काही वेळ बोलता आले नाही. पहिल्या पोळीपासून त्यांना ठाऊक होते. घरापासून दूर एकटा राहणारा एक तरुण मास्तर आपल्याला बरे वाटावे म्हणून खोटे वाचतो आहे, हे ओळखून त्या त्याला खाऊ घालत होत्या. “मग त्यांनी पत्र आणणं का बंद केलं?” मी विचारले. “ते मला नाही माहीत, सर,” ती म्हणाली. “पण एकदा म्हणाल्या होत्या, घरातलं घरात होतं तोवर बरं होतं.”

माझी चूक मला तीस वर्षे ठाऊक होती असे मी समजत होतो. ती चूकही मला नीट ठाऊक नव्हती. गुपित चव्हाट्यावर मांडले हा अपराध झालाच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, माझे नाटक खोटे होते. मी जिला भोळी समजून रंगमंचावर उभी केली, ती बाई भोळी नव्हती. जाणती होती, उदार होती आणि थोडी मिस्कीलही होती. माझ्या नाटकात वाचणारा शहाणा आणि ऐकणारी अजाण; प्रत्यक्षात नेमके उलटे. ते खरे नाटक माझ्या नाटकाहून कितीतरी मोठे होते आणि ते माझ्या खालच्याच खोलीत चालले होते. एकदा खाली जाऊन विचारले असते, तर ते मला मिळाले असते.

ज्याची गोष्ट घेतली त्याच्याकडे परत जावे, असे आपण म्हणतो ते सभ्यता म्हणून, फार तर कायद्याच्या धाकाने. माझे म्हणणे वेगळे आहे. परत जावे, कारण आपली गोष्ट चुकलेली असण्याचाच संभव अधिक. आपण पाहतो ते भिंतीपलीकडून ऐकलेले असते आणि मधली जागा आपल्या पदरच्या वाक्यांनी भरलेली असते.

यावर रास्त आक्षेप असा की, प्रत्येकाला विचारत बसले तर लिहिणार काय? जुलूम करणाऱ्यांची संमती मागितली असती, तर ‘आक्रोश’ निघालाच नसता. अगदी बरोबर. बलवानाला विचारण्याची गरज नाही. आपली बाजू मांडायला त्याच्याकडे हजार तोंडे असतात. विचारायचे ते ज्याला उलट बोलायला जागा नाही, त्याला. आणि काही माणसे तर आपण होऊन सांगतात. अभिनेत्री हंसा वाडकरांनी आपले आयुष्य काही न झाकता सांगितले. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला, तेव्हा हंसाबाई हयात नव्हत्या. पण त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच लेखकांसाठी अट घातलेली आहे: ‘सांगत्ये ऐका’. आधी ऐका.

आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आणंद आहे. तिथल्या दूध उत्पादकांच्या सहकारी चळवळीवर बेनेगलांनी १९७६ मध्ये ‘मंथन’ काढला. पटकथा तेंडुलकरांची, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांतून हा चित्रपट उभा राहिला. ज्यांची गोष्ट तेच निर्माते. म्हणून त्यात त्यांची खुशामत आहे म्हणावे, तर तसेही नाही. गावातला जातिभेद, सरपंचाची दांडगाई, एका गरीब बाईचा अंगठा उठवून रचलेले कुभांड, सारे त्यात आहे. तो पाहायला गावोगावचे शेतकरी मालमोटारींत बसून आले. आपली गोष्ट पडद्यावर बघायला तिचे मालकच पुढच्या रांगेत बसले होते, आणि लेखकाला तोंड लपवावे लागले नाही. २०२४ मध्ये या चित्रपटाची नव्याने दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली. पण माझ्या मते त्याची खरी परीक्षा त्या मालमोटारीतून आलेल्या प्रेक्षकांपुढे केव्हाच झाली होती.

आपल्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्या घरांना हे विशेष लागू आहे. आपल्यातला प्रत्येक जण कधी ना कधी कोणाचा तरी वाचणारा असतो. आजोबांना बँकेचे पत्र वाचून दाखवणारा नातू, डॉक्टरांचे बोलणे आईला मराठीत सांगणारी मुलगी, कचेरीतल्या नोटिशीचा अर्थ शेजाऱ्याला समजावणारा मास्तर. दुसऱ्याचे आयुष्य आपल्या हातातून जाते आणि पदरचे एखादे वाक्य घालण्याचा मोह रोज होतो. तो दयेपोटी होतो, म्हणून तर तो ओळखू येत नाही. सिनेमा न लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावले. काकूंची हकीकत सांगितली नाही. एवढेच सांगितले की, लिहिलेले आधी काकांना वाचून दाखव आणि ते म्हणतील तिथे खोड. त्यांनी ‘नको’ म्हटले तर वही मिटव. तो खट्टू झाला. “सर, ते नाहीच म्हणणार,” असे पुटपुटत गेला. मीही काकांशी बोललो. गोष्टीबद्दल नव्हे, बारा वर्षांत जे विचारायला हवे होते ते, उशिरा का होईना, विचारले.

पंधरा दिवस मुलगा फिरकला नाही. काल शाळा सुटल्यावर फाटकाशी दिसला. काकांच्या शेजारी बाकावर बसला होता, मांडीवर वही उघडी, पेन मात्र खिशात. मी जाता जाता विचारले, “काय रे, चित्रपट कुठवर आला?”

“अजून सुरूच नाही झाला, सर,” तो म्हणाला. “काका अजून सांगतायत.”